फिंच, पाळीव

शोभेसाठी व सोबतीसाठी घरात पिंजऱ्यात ठेवण्यात येणारे, प्रामुख्याने बी खाणारे लहान विदेशी पक्षी. ‘फिंच’ हे नाव व्यवहारात बरेच सैल अर्थाने वापरले जाते. शास्त्रीय दृष्ट्या खरे फिंच म्हणजे फ्रिंजिलिडी कुलातील पक्षी. कॅनरी हा त्यांपैकी एक. डार्विन यांच्या नावाने ओळखले जाणारे गालापागस बेटांवरील फिंच आणखी वेगळ्या कुलात मोडतात. पक्ष्यांच्या बाजारात फिंच म्हणून जे विकले जातात ते मात्र बहुतेक एस्ट्रिल्डिडी कुलातील असतात. आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया या प्रदेशांत पसरलेल्या या कुलात सु. १४० जाती असून भारतातील मुनिया (मनोली) याच कुलातील आहेत. म्हणजे पिंजऱ्यातील परदेशी फिंच व शेताच्या बांधावर गवताचे बी टिपणारी मुनिया यांचे जवळचे नाते आहे. या साम्यामुळे विक्रीच्या व्यवहारात जो घोटाळा होतो, त्याचा विचार पुढे केला आहे.

पाळीव फिंचांत सर्वांत परिचित झीब्रा फिंच (टीनिओपायजिया गटाटा) हा होय. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील शुष्क अंतर्भागातला व तिमोर आणि आसपासच्या बेटांवरचा रहिवासी आहे. अलीकडील काही वर्गीकरणांत ऑस्ट्रेलियातील पक्षी वेगळ्या जातीत घालतात. लांबी सु. १० सेंमी. व वजन सु. १२ ग्रॅ. असते. शेपटीवरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे त्याला हे नाव मिळाले. नराची चोच तांबडी, गालावर नारिंगी-तपकिरी ठसा, गळ्यावर व छातीवर बारीक काळ्या रेघा आणि कुशीला तपकिरी रंगावर पांढरे ठिपके असतात. मादी साधी राखाडी असून तिची चोच फिकट नारिंगी असते. पिलांची चोच काळी असते, त्यामुळे लहान वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. त्याचा आवाज खेळण्यातल्या पिपाणीसारखा असून थवा दिवसभर एकमेकांना साद घालीत असतो. फक्त नरच गातो, आणि ते गाणे उपजत नसते. पिल्लू जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास पित्याचे किंवा जवळच्या दुसऱ्या नराचे गाणे लक्षात ठेवू लागते, घोकते, चुकते व तीन महिन्यांच्या सुमारास त्याची एक पक्की चाल ठरते. ती पुढे जन्मभर टिकते. मनुष्याच्या मुलाच्या बोलणे शिकण्याशी या प्रक्रियेचे साम्य असल्याने हा पक्षी प्रयोगशाळांत मोठ्या प्रमाणावर अभ्यासला गेला असून २०१० मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. पक्ष्यांमध्ये कोंबडीनंतर हा मान त्याला मिळाला.

बंगाली फिंच हे नाव फसवे आहे. त्याचा बंगालशी संबंध नाही. तो रानात कोठेही आढळत नाही. पांढऱ्या पाठीच्या मुनियेच्या (लोंचुरा स्ट्रायाटा) चीनमधून जपानात नेलेल्या पक्ष्यांपासून सु. अडीचशे वर्षांच्या पैदाशीतून तो निर्माण झाला. याच जातीची रानटी मुनिया सह्याद्रीच्या जंगलांतही दिसते. पाळीव पक्षी शांत, समूहप्रिय व उत्तम पालक असतो, इतका की दुसऱ्या जातींची अंडी उबवून पिले वाढविण्यासाठी त्याचा उपयोग करतात. त्याचे गाणे रानटी पूर्वजाच्या गाण्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे असल्याचे जपानी शास्त्रज्ञ काझुओ ओकानोया यांनी दाखवून दिले आहे. दाईकडून पिले वाढवून घेण्याची ही सोय सर्वथा निर्दोष मात्र नाही. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांच्या प्रयोगांत बंगाली फिंचांनी वाढविलेल्या झीब्रा नरांनी पुढे स्वजातीच्या मादीऐवजी बंगाली मादीच पसंत केली.

गुल्डी फिंच हा रंगांमुळे सर्वांत मौल्यवान समजला जातो. त्याची पाठ हिरवी, छाती जांभळी व पोट पिवळे असते. डोके बहुधा काळे, काहींत तांबडे व क्वचित पिवळे असते. जॉन गुल्ड या पक्षिशास्त्रज्ञांनी आपली दिवंगत पत्नी एलिझाबेथ (ही पक्ष्यांची कुशल चित्रकार होती) हिच्या स्मरणार्थ १८४४ मध्ये त्याला हे नाव दिले. हा पक्षी थंडी, ओल व गडबड सहन करीत नाही. नवशिक्याने तो घेऊ नये. याशिवाय जावा चिमणी, आफ्रिकेतील काही छोटे वॅक्सबिल आणि ऑस्ट्रेलियातीलच आणखी काही जाती बाजारात असतात.

फिंच पाळणे सोपे असते असा सार्वत्रिक समज आहे. तो निम्माच खरा आहे. पोपटासारखी माणसाची सतत जवळीक त्याला नको असते, जागा व खर्च कमी लागतो, आवाजही शेजाऱ्यांना त्रासदायक होत नाही. परंतु तो हाताळून घेण्याचा पक्षी नव्हे. पाहण्याचा व ऐकण्याचा आहे. एकटा ठेवलेला फिंच कुढतो, म्हणून किमान जोडी, आणि शक्य तर लहानसा थवा ठेवावा. शिवाय इतक्या लहान शरीरात साठा असा नसतो. झीब्रा फिंच रोज सु. ३ ग्रॅ. बी खातो, आणि एक दिवस उपाशी राहिला तरी त्याच्या जिवावर बेतते. येथे एक साधी चूक वारंवार घडते. फिंच बी सोलून खातो व टरफल वाटीतच टाकतो. त्यामुळे वरून भरलेली दिसणारी वाटी प्रत्यक्षात रिकामी असू शकते. रोज वाटीवर फुंकर घालून टरफले उडविणे हे फिंचपालनातील पहिले काम होय.

पिंजरा : फिंच उभ्या दिशेने फारसा चढत नाही, आडवा उडतो. म्हणून उंच, घुमटाकार शोभिवंत पिंजरे त्याला निरुपयोगी ठरतात. एका जोडीसाठी पिंजऱ्याची लांबी किमान ७५ ते ९० सेंमी. असावी व दोन्ही टोकांना बसण्याच्या काठ्या लावून मधली जागा उडण्यासाठी मोकळी ठेवावी. गजांमधील अंतर सु. १·२ सेंमी. पेक्षा जास्त नसावे. काठ्या एकाच जाडीच्या नसाव्यात, नाहीतर पायांना घट्टे पडतात; कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या चांगल्या. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असली म्हणजे पक्षी निर्धास्त राहतात. सकाळचे ऊन थोडे मिळावे, पण सावलीत सरकण्यास जागा हवी. स्वयंपाकघरात पिंजरा कधीही ठेवू नये. फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांमुळे पक्ष्यांचे श्वसन अतिशय कार्यक्षम असते, आणि म्हणूनच धूर व विषारी वायू त्यांना लवकर बाधतात. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा तापत राहिला, तर निघणाऱ्या वायूने घरातील सर्व फिंच काही मिनिटांत मरू शकतात. रात्री उंदीर, मांजर व मुंग्या यांपासून बंदोबस्त लागतो. पक्षी बाहेर सोडायचे असल्यास छताचा पंखा आधी बंद करावा.

आहार : राळा हे मुख्य धान्य, त्यात वरी, बाजरी, नाचणी व कॅनरी बी मिसळतात. केवळ सुक्या बियांवर फिंच जगतो, पण धडधाकट राहत नाही. अशा आहारात अ जीवनसत्त्व, कॅल्शियम व काही ॲमिनो अम्ले अपुरी पडतात. मोड आलेले धान्य, कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर आणि आठवड्यातून एकदोनदा उकडलेले अंडे यांनी ही उणीव भरून निघते. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवावा. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात साठवलेल्या धान्याला बुरशी लागते व तिच्यातील विष यकृत बिघडविते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बी थोडे थोडेच आणावे व वास घेऊनच वापरावे. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. झीब्रा फिंच रानात पाण्याविना बराच काळ तग धरू शकतो हे खरे असले, तरी त्यावरून पिंजऱ्यातील पक्ष्याला पाणी कमी चालते असे मानणे चुकीचे आहे.

प्रजनन : बहुतेक घरांतील फिंच रोगाने नव्हे, तर अतिप्रजननाने खंगतात असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशात पाऊस केव्हा पडेल याचा नेम नसतो. त्यामुळे झीब्रा फिंच ऋतूची वाट न पाहता, पाऊस पडून गवताला बी आले की विणीस लागतो. पिंजऱ्यात बी कधीच संपत नाही. पक्ष्याच्या शरीराच्या दृष्टीने तो न संपणारा सुकाळ असतो, आणि घरटे उपलब्ध असेल तर जोडी एकामागून एक विणी काढीत राहते. मादी ४ ते ६ अंडी घालते. नर व मादी दोघेही आळीपाळीने १२ ते १४ दिवस ती उबवितात. पिले सु. तीन आठवड्यांनी घरट्याबाहेर येतात व पाच आठवड्यांची झाली म्हणजे स्वतंत्रपणे खाऊ लागतात. तीन महिन्यांच्या आतच ती स्वतः विणीयोग्य होतात. पण नऊ महिने पूर्ण होईपर्यंत जोडी लावू नये आणि वर्षाला दोन-तीन विणींपेक्षा जास्त घेऊ नयेत. एरवी घरटे काढून टाकणे अथवा नर-मादी वेगळे ठेवणे हाच उपाय. घातलेल्या अंड्यांच्या जागी खोटी अंडी ठेवल्यासही मादीचे पुढचे अंडी घालणे थांबते. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचे अंडे अडकते. ती तळाशी पिसे फुगवून बसते व काही तासांत दगावू शकते. अशा वेळी तिला सु. ३०° से. उबेत ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. घरट्यासाठी काथ्या किंवा सुके गवत द्यावे. लांब दोरे पायांत गुंततात.

उन्हाळ्यात अंड्यांवर बसलेले झीब्रा फिंच विशिष्ट साद काढतात व अंड्यातील पिलू ती ऐकून उबेल त्या उष्णतेला साजेशी वाढ धरते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मार्च-एप्रिलमध्ये विणीवर बसलेली जोडी हलवू नये, याला एरवीच्या कारणांशिवाय हेही एक कारण म्हणता येईल.

रोग : फिंच आजार शेवटपर्यंत लपवितो, रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकारी पक्ष्याच्या नजरेस प्रथम पडतो. दिवसा पिसे फुगवून झोपणे, शेपटी श्वासाबरोबर हलणे व विष्ठा पातळ होणे ही लक्षणे दिसताच त्याला वेगळे करावे. गुल्डी फिंचांत श्वासमार्गात राहणारी एक सूक्ष्म गोचीड आढळते. रात्री पिंजऱ्याजवळ ऐकल्यास बारीक टकटक आवाज येतो. औषधाची मात्रा इतक्या लहान शरीरासाठी वैद्यानेच ठरवावी. चांगल्या निगेत झीब्रा फिंच ५ ते ७ वर्षे जगतो.

खरेदी व कायदा : ऑस्ट्रेलियाने १९६० च्या सुमारास आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. तेव्हापासून जगभर विकले जाणारे झीब्रा व गुल्डी फिंच बव्हंशी पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिढ्यांचे आहेत. त्यांना पाळल्याने रान रिकामे होत नाही. आफ्रिकेतील रानातून पकडलेल्या वॅक्सबिलांचा व्यापार मात्र दीर्घकाळ चालला आणि यूरोपीय संघाने पक्षी-इन्फ्ल्यूएंझाच्या भीतीने २००५ मध्ये व पुढे २००७ मध्ये कायमची बंदी घालेपर्यंत त्याला मोठी बाजारपेठ होती. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी मुनियांना संरक्षण असून १९९०–९१ पासून भारतीय रानटी पक्ष्यांच्या व्यापारास बंदी आहे. तरीही जाळ्यात पकडलेल्या मुनिया लाल, हिरव्या, पिवळ्या रंगात बुडवून ‘परदेशी फिंच’ म्हणून विकल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. रंगविलेल्या पक्ष्याचा रंग अंगभर एकसारखा, पिसांच्या मुळाशी फिका व पाण्याने उतरणारा असतो. पिसे गळून नवी येताच तपकिरी मुनिया उरते. पकडताना व वाहतुकीत मेलेल्यांचा हिशेब ग्राहकापर्यंत येत नाही. भारतातच आढळणारी हिरवी मुनिया धोक्यात येण्याच्या कारणांपैकी पक्ष्यांचा व्यापार हे एक आहे. लाल मुनियेचे ‘अमांडाव्हा’ हे शास्त्रीय नाव अहमदाबाद या नगरनामाचा अपभ्रंश असून तेथून हे पक्षी पूर्वी परदेशी जात, इतका हा व्यापार जुना आहे.

२०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात (साइट्स) नोंदलेल्या विदेशी जाती या कायद्याच्या कक्षेत आल्या व २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी पाळणाऱ्यास करावी लागते. झीब्रा फिंच त्या यादीत नाही. जावा चिमणी आहे. या चिमणीची कथा विलक्षण आहे. जावा व बाली येथील हा पक्षी पिंजऱ्यासाठी इतका पकडला गेला, की मायदेशी त्याची गणना आता संकटग्रस्तांत होते. त्याच वेळी सुटलेल्या व सोडलेल्या पक्ष्यांनी हवाईसारख्या दूरच्या बेटांवर वस्ती केली आहे. लाल मुनियाही अशाच रीतीने स्पेनमध्ये रुजली. म्हणून नको झालेले फिंच खिडकीतून ‘मुक्त’ करणे दोन्ही बाजूंनी अयोग्य आहे. बहुतेक पक्षी दोन-चार दिवसांत उपासमारीने किंवा कावळ्यांच्या तावडीत मरतात, आणि जे जगतात ते परक्या प्रदेशातील पक्षी म्हणून तेथे स्थिरावू शकतात.