धन, ऋण आणि मधली आखूड केबल

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये विद्युत वेल्डिंगच्या तीन पद्धतींना तीन सुटसुटीत नावे रूढ आहेत : लेप दिलेल्या कांडीने होते ते ‘रॉडचे काम’, रिळावरून सतत पुढे सरकणाऱ्या तारेने होते ते ‘सीओटू’ आणि न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने होते ते ‘आर्गॉन’. पाठ्यपुस्तकांत यांनाच अनुक्रमे एमएमए, मिग-मॅग व टिग म्हणतात. दोन पद्धतींची नावे वायूंवरून पडली असली, तरी टंगस्टन आणि तार या दोहोंना आर्गॉन चालतो, त्यामुळे ही नावे सोयीची आहेत, काटेकोर नाहीत. एकेकाळी या तीन पद्धतींसाठी तीन वेगळी यंत्रे लागत. बहुप्रक्रिया यंत्र, म्हणजे बाजारातले ‘थ्री इन वन’, ही तिन्ही कामे एकाच पेटीतून करते.

हे शक्य झाले ते इन्व्हर्टरमुळे. जुन्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर घरगुती पुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेवर चालत असल्याने त्याला लोखंडाचा मोठा गाभा आणि तांब्याचे जाड वेढे लागत. इन्व्हर्टर आलेला प्रत्यावर्ती प्रवाह आधी एकदिश करतो, आयजीबीटी नावाच्या अर्धवाहक स्विचांनी तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, मग हाताच्या पंज्यात मावेल एवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन पुन्हा एकदिश करतो. वजन घटले ही त्यातली दुय्यम बाब. महत्त्वाचे हे की इतक्या वेगाने स्विच हलत असल्यामुळे बाहेर पडणाऱ्या विजेचा स्वभाव घडीघडीला बदलता येतो, आणि तीन पद्धतींना दोन भिन्न स्वभावांची वीज लागते.

रॉड आणि टिगमध्ये आर्कची लांबी कारागिराच्या हातावर अवलंबून असते. हात वरखाली झाला की व्होल्टेज बदलते, पण वितळण्याचा वेग टिकावा म्हणून यंत्राने प्रवाह, म्हणजे अँपिअर, स्थिर ठेवायचा असतो. मिगमध्ये नेमके उलटे आहे. तिथे यंत्र व्होल्टेज धरून ठेवते, तार ठरलेल्या वेगाने पुढे येत राहते आणि प्रवाह आपोआप जुळतो. आर्क लांबला की प्रवाह घटतो, तार कमी वितळते आणि अंतर पुन्हा पहिल्यावर येते. म्हणूनच पुष्कळ यंत्रांवर एकच बटण रॉडच्या वेळी अँपिअर दाखवते आणि मिगच्या वेळी तारेचा वेग, मीटर प्रतिमिनिटात. नवख्याला हा घोटाळा वाटतो. प्रत्यक्षात तारेचा वेग वाढवणे म्हणजेच अँपिअर वाढवणे.

दर्शनी बाजूच्या तळाशी धन (+) आणि ऋण (−) अशी दोन खोबणी असतात. केबलच्या टोकाचा पितळी खुंटा त्यात घालून घड्याळाच्या दिशेने पिळून घट्ट करतात. नुसता ढकलून ठेवला तर सांधा तापतो आणि खोबण काळी पडते. यांपैकी एका केबलला कारखान्यात ‘अर्थ’ म्हणतात, ही मात्र चुकीची आणि काहीशी धोक्याची सवय आहे. जमिनीशी जोडणारी संरक्षक तार पुरवठ्याच्या प्लगमधून वेगळी येते. जॉबला लावायच्या चिमट्याची ही केबल जॉबमधून परतणारा पूर्ण वेल्डिंग प्रवाह वाहून नेते. चिमटा रंगावर किंवा गंजावर लावला तर आर्क फडफडतो, आणि फिरत्या शाफ्टपासून दूर लावला तर तोच प्रवाह बेअरिंगच्या गोळ्यांमधून वाट काढून त्यांना डाग पाडतो.

या दोन खोबणींजवळून वीतभर लांबीची एक केबल बाहेर लोंबत असते, आणि सर्वाधिक दुर्लक्ष होते ते तिच्याकडेच. मिगच्या टॉर्चला वीज हिच्यातून मिळते. वायूच्या आवरणाखाली भरीव तार चालवायची असेल तर ही केबल धनात आणि चिमटा ऋणात. पोटात फ्लक्स असलेली, बाहेरून वायू न लागणारी तार असेल तर बहुधा याच्या नेमके उलट. अदलाबदल करायची राहिली तरी आर्क पेटतो, टाका पडतो, फक्त शिंतोडे वाढतात आणि मणी धातूत उतरण्याऐवजी वर बसून राहतो. बटणाची चूक कानाला लगेच कळते. जोडणीची चूक मात्र अशी कामात मुरून जाते. टिगसाठी टॉर्च ऋणात आणि चिमटा धनात हवा, कारण एकदिश प्रवाहात उष्णतेचा मोठा वाटा धन टोकाकडे जातो. टंगस्टनच धन केले तर त्याचे टोक वितळून गोळा होतो. रॉडच्या बाबतीत ६०१३ क्रमांकाची कांडी दोन्ही बाजूंनी चालते, ७०१८ साठी होल्डर धनात ठेवतात, आणि ती आखूड केबल कशालाही न टेकता मोकळी ठेवावी लागते.

व्होल्टेज आणि तारेचा वेग यांच्यानंतर मिगचे तिसरे बटण ‘इंडक्टन्स’. पातळ पत्र्याच्या कामात तारेचे टोक सेकंदाला अनेक वेळा वितळलेल्या धातूला टेकते आणि तुटते. टेकताक्षणी प्रवाह उसळतो, तो किती झपाट्याने उसळू द्यायचा हे या बटणावर ठरते. कमी ठेवले तर आर्क कडक आणि शिंतोडे अधिक, वाढवले तर धातू अधिक पातळ राहून मणी सपाट पसरतो. जुळणी साधली की तव्यावर तेल तडतडावे तसा एकसारखा आवाज येतो. रॉडच्या बाजूला याच्याशी नाते सांगणारे बटण ‘आर्क फोर्स’चे : कांडी फार जवळ गेली की क्षणभर अधिक प्रवाह देऊन ती चिकटू न देणे हे त्याचे काम.

बाजूचे झाकण उघडले की रीळ आणि रोलर दिसतात. पोलादी तारेला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, मऊ ॲल्युमिनियमच्या तारेला यू आकाराची, फ्लक्सच्या तारेला दातेरी. ०.८ मिलिमीटरची तार १.० च्या खाचेत घातली तर ती घसरते, आणि दाब वाढवून तो दोष झाकू पाहणारा तार चपटी करून टिपमध्ये अडकवतो. मागच्या बाजूला वायूची नळी येते. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असल्याने वायू होताना रेग्युलेटर गोठतो; त्याच्या हीटरसाठी अनेक यंत्रांना मागे ३६ व्होल्टचा छोटा सॉकेट दिलेला असतो.

‘बहुप्रक्रिया’ या शब्दाला मर्यादाही आहे. यांतली बहुतेक स्वस्त यंत्रे टिगसाठी केवळ एकदिश प्रवाह देतात, त्यामुळे स्टेनलेस स्टील जमते, ॲल्युमिनियम जमत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरची ऑक्साइडची साय सुमारे २,००० अंशांपर्यंत टिकून राहते आणि ती फोडायला टिगमध्ये सहसा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो.

विकत घेताना सर्वांत आधी वाचावी ती मागची पट्टी. तिच्यावर ‘एक्स’ या अक्षरापुढे टक्केवारी असते. २०० अँपिअरखाली ३५ टक्के लिहिले असेल तर दहा मिनिटांपैकी साडेतीन मिनिटेच तो प्रवाह घेता येतो, आणि हा आकडा ४० अंश तापमान गृहीत धरून काढलेला असतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हे गृहीतक सकाळीच मागे पडते. मर्यादा ओलांडली की पिवळा दिवा लागतो आणि आर्क बंद होतो, पंखा मात्र फिरत राहतो. तो आतले तापमान उतरवत असतो, म्हणून अशा वेळी मुख्य स्विच बंद न करता दिवा विझेपर्यंत यंत्र तसेच चालू ठेवायचे असते.