द्राक्षवेलीचे वर्ष

नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. आपण खातो तो द्राक्षांचा घड वेलीवर कसा तयार होतो, त्यासाठी किती हात राबतात आणि ते कष्ट एका रात्रीत वाया कसे जाऊ शकतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. उंच वेलीवरचे घड कोल्ह्याला मिळाले नाहीत. तेव्हा 'द्राक्षे आंबटच आहेत,' असे म्हणून तो निघून गेला. उर्दूत आपण 'अंगूर खट्टे हैं' म्हणतो, तर मराठीत 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' अशी म्हण आहे. गोष्ट ऐकताना आपण कोल्ह्याला हसतो. पण तो कोल्हा डिसेंबर महिन्यात नाशिकजवळच्या एखाद्या बागेत शिरला असता, तर त्याचे म्हणणे बहुधा खरे ठरले असते! त्या वेळी बहुतेक बागांतली द्राक्षे खरोखरच आंबट असतात. कोल्हा निघून गेला. शेतकऱ्याला मात्र द्राक्षे गोड होईपर्यंत बाग सोडून जाता येत नाही.

गोड द्राक्षे बाजारात येतात ती साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात. गेली काही वर्षे रमजानचा महिनाही याच हंगामात येत आहे. त्यामुळे इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर खजुराशेजारी द्राक्षांची बशी दिसते. पाच मिनिटांत ती बशी रिकामी होते. विद्यार्थी मित्रांनो, त्या बशीतला एक घड तयार व्हायला किती दिवस लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? तीन महिने? चार महिने? नाही. त्यासाठी जवळजवळ एक वर्ष लागते. कसे ते आपण पाहू या.

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालात, की ओझर आणि पिंपळगाव बसवंत ही गावे लागतात. या परिसरात आणि निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत जिकडे तिकडे द्राक्षांचे मळे आहेत. ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी 1925 साली द्राक्षांची लागवड केली, तेव्हापासून या भागात द्राक्षशेतीची सुरुवात झाली असे मानतात. गोदावरी, कादवा, बाणगंगा या नद्यांचे पाणी, पाण्याचा निचरा होणारी जमीन, हिवाळ्यातील कोरडी हवा, दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी हे सारे द्राक्षाला मानवते. आज भारतातून परदेशी जाणाऱ्या ताज्या द्राक्षांत नाशिकचा वाटा फार मोठा आहे.

द्राक्ष ही मुळात थंड प्रदेशातील वेल. इराण, अफगाणिस्तान, तुर्कस्तान, युरोप येथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. तेव्हा वेलीची सर्व पाने गळतात आणि ती जणू झोपी जाते. वसंत ऋतू आला की ती जागी होते, फुलते आणि उन्हाळ्याच्या शेवटी फळ देते. तिथे वेलीचे वर्ष थंडीच ठरवते.

आपल्याकडे मात्र तशी थंडी पडत नाही. त्यामुळे इथली वेल झोपतच नाही, ती वर्षभर वाढत राहते. ही गोष्ट फार पूर्वीच एका प्रवाशाच्या लक्षात आली होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानात आला होता. दौलताबादला द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. आपल्या दख्खनच्या हवेचा हा गुण!

परंतु हाच गुण अडचणीचाही आहे. दोन पिकांपैकी एक पावसाळ्यात सापडते. पावसात घड कुजतात, त्यांवर रोग पडतात. शिवाय दोनदा फळ देऊन वेल थकते. म्हणून आपला शेतकरी वेलीकडून वर्षात एकच पीक घेतो. थंडी जे काम करत नाही, ते तो हातात कात्री घेऊन करतो. तो वेलीला वर्षातून दोनदा छाटतो.

पहिली छाटणी एप्रिल महिन्यात होते. तिला खरड छाटणी म्हणतात. या वेळी वेलीवरच्या जवळजवळ सगळ्या काड्या कापून टाकतात. मांडवावर फक्त खोड आणि त्याचे आडवे ओलांडे शिल्लक राहतात. भर उन्हाळ्यात ही उघडी बाग पाहिली, तर तिथे काही उरलेच नाही असे वाटते. पण थोड्याच दिवसांत ओलांड्यांवर नवे फुटवे येतात. त्या नव्या काड्यांवर बारीक बारीक डोळे तयार होतात. छाटणीनंतर साधारण दीड ते दोन महिन्यांत त्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचा घड आकार घेऊ लागतो. बाहेरून तो दिसत नाही. काडीवर ऊन नीट पडले, तर डोळ्यात घड धरतो. आभाळ सतत ढगाळ राहिले, तर घडांची संख्या घटते. म्हणजे फेब्रुवारीत आपण जो घड खातो, त्याचे भवितव्य आदल्या मे-जून महिन्यातच ठरलेले असते.

दुसरी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपता संपता होते. तिला गोडी छाटणी म्हणतात. या वेळी काडी मुळापासून न कापता तिचे काही डोळे राखून वरचा भाग कापतात. सर्व डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून त्यांना एक रसायन लावतात. ते अंगाला अपायकारक असते, म्हणून हातमोजे घालूनच ते लावावे लागते. मग डोळे फुटतात, कोवळ्या फुटीबरोबर इवलासा घड बाहेर येतो. सुमारे दीड महिन्यात तो फुलतो आणि मणी धरतात. या छाटणीपासून द्राक्ष पिकेपर्यंत साधारण चार महिने लागतात.

या चार महिन्यांत बागेला माणसांची फार गरज असते. पेठ, सुरगाणा यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने असतात. पावसाळी भातशेती आटोपली की ही मंडळी घर सोडून बागांवर येतात. घडात मण्यांची दाटी झाली, तर मणी एकमेकांना दाबतात आणि फुटतात. म्हणून घडातले काही मणी कात्रीने काढून टाकावे लागतात. या कामाला विरळणी म्हणतात. एका एकरात हजारो घड असतात. प्रत्येक घड हातात धरून, मान वर करून हे काम करायचे असते. तुम्ही पाच मिनिटे हात वर धरून पाहा, म्हणजे दिवसभर असे काम करणाऱ्यांच्या कष्टांची कल्पना येईल.

आता एक गंमत ऐका. आपण खातो त्या द्राक्षांत बी का नसते? थॉमसन सीडलेस या जातीत बी तयार होऊ लागते, पण वाढ होण्याआधीच ते खुंटते. बी नसलेले द्राक्ष खायला सोपे. पण बी हे मण्याच्या वाढीसाठी लागणारे संजीवक तयार करत असते. बी नाही म्हणून संजीवक कमी, आणि संजीवक कमी म्हणून मणी लहान! यावर उपाय म्हणून शेतकरी जिब्रेलिक आम्ल या संजीवकाच्या पातळ द्रावणात घड बुडवतात. त्यामुळे मणी लांब आणि टपोरे होतात. जपानमध्ये भाताच्या एका रोगाचा अभ्यास करताना या संजीवकाचा शोध लागला. त्या रोगात भाताची रोपे नको तितकी उंच वाढत असत.

द्राक्षाचे शत्रूही पुष्कळ. दमट हवेत पानांवर केवडा पडतो, घडांवर भुरी येते. ढग दिसले की शेतकऱ्याला फवारणी करावी लागते. निफाड भागात हिवाळ्यात कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पण सर्वांत मोठी धास्ती असते ती अवकाळी पावसाची आणि गारपिटीची.

2014 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली. तेव्हा अनेक बागांत घड तयार होऊन काढणीला आले होते. 2023 साली 26 नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात पुन्हा गारा कोसळल्या. त्या वेळी कुठे बागा फुलोऱ्यात होत्या, कुठे नुकतेच मणी धरले होते. गहू किंवा भाजीचे पीक गेले, तर काही महिन्यांत दुसरे पेरता येते. द्राक्षाचे तसे नाही. घड एकदा गळून पडला, की पुन्हा एप्रिलची छाटणी, पुन्हा ऑक्टोबरची छाटणी आणि पुन्हा वर्षभराची वाट. खतांचा, औषधांचा आणि मजुरीचा खर्च मात्र झालेलाच असतो. कर्जाचा हप्ताही थांबत नाही. शेतकऱ्याबरोबर मजुरांचीही रोजी बुडते. अलीकडे काही शेतकरी बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात, पण त्याचा खर्च सगळ्यांना परवडत नाही.

आणि सगळे सुरळीत झाले, तर? तर जानेवारीपासून काढणी सुरू होते. आंबा किंवा केळे झाडावरून उतरवल्यावर घरात पिकते. द्राक्ष तसे पिकत नाही. वेलीवरून तोडले, की त्याची गोडी तिथेच थांबते. म्हणून साखर पुरेशी भरली आहे की नाही, हे एका छोट्या उपकरणावर रसाचा थेंब टाकून पाहतात आणि मगच घड तोडतात. काढणी शक्यतो सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करतात. घड देठाला धरून कात्रीने कापतात. मण्यांना बोट लागू देत नाहीत. परदेशी जाणारा माल लगेच थंड करून खोक्यांत भरतात. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून तो जहाजाने नेदरलँड्ससारख्या दूरच्या देशांत पोहोचतो.

काही द्राक्षांचे बेदाणे करतात. द्राक्षे एका द्रावणात बुडवून सावलीत, जाळीवर पसरून ठेवतात. सुमारे दोन आठवड्यांत ती सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. 'बेदाणा' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? 'बे' म्हणजे शिवाय आणि 'दाणा' म्हणजे बी. फारसीतला हा शब्द आता अगदी मराठी झाला आहे. हैदराबादची 'अनाब-ए-शाही' ही द्राक्षाची जुनी जातही महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांना चांगली परिचयाची. द्राक्षाप्रमाणे त्याच्याबरोबरचे शब्दही दुरून आले आणि इथल्या मातीत रुजले.

द्राक्षे खाताना एवढे लक्षात ठेवा. मण्यांवर जी पांढरट लव दिसते, ती नैसर्गिक मेणाची असते. तिच्यामुळे मण्यातला ओलावा टिकतो. ती दिसली म्हणजे द्राक्ष खराब असे समजू नका. मात्र बागेत औषधे फवारलेली असतात, म्हणून द्राक्षे वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच खावीत. देठ हिरवा असेल, तर घड ताजा समजावा.

आणि पुढच्या वेळी बशीत चार मणी उरले, तर ते टाकून देऊ नका. त्यांच्यासाठी एप्रिलच्या उन्हात कोणी तरी वेल छाटली होती. कोणी तरी मान वर करून विरळणी केली होती. नोव्हेंबरच्या एखाद्या रात्री आभाळात वीज चमकली, तेव्हा कोणी तरी अंगणात उभे राहून 'आजची रात्र निभावू दे' अशी दुआ मागितली होती. ती रात्र निभावली, म्हणून तो घड आपल्यापर्यंत आला.

शब्दार्थ
लहर – मर्जी. मानवणे – सोसणे, अनुकूल असणे. ओलांडा – वेलीची आडवी जाड फांदी. डोळा – काडीवरील अंकुर फुटण्याची जागा. संजीवक – वाढीला मदत करणारे द्रव्य. अवकाळी – अवेळी येणारा. धास्ती – भीती. निभावणे – पार पडणे.

स्वाध्याय
1. थंड प्रदेशातील द्राक्षवेल आणि नाशिकची द्राक्षवेल यांत कोणता फरक आहे?
2. आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा का छाटतात?
3. कारणे लिहा : (अ) बिनबियांच्या द्राक्षाचा मणी मुळात लहान असतो. (आ) गोडी भरल्याशिवाय घड तोडत नाहीत.
4. गारपिटीने द्राक्षाचे नुकसान झाले, तर शेतकऱ्याला वर्षभर वाट का पाहावी लागते?
5. मराठीत रुळलेले पाच फारसी किंवा अरबी शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.
6. तुमच्या घरी रोज येणाऱ्या एखाद्या फळामागे किंवा भाजीमागे कोणाकोणाचे कष्ट आहेत, ते विचारून दहा ओळी लिहा.