निळा पडदा, वाढीव गती आणि काही रूढ गैरसमज

संगणकाच्या दुरुस्तीविषयी जी मते सामान्य वापरकर्त्यांत, आणि खेदाने म्हणावे लागते की कित्येक दुरुस्तीकारांतही, सिद्धांताच्या थाटात रूढ झाली आहेत, त्यांत काम करता करता अकस्मात अवतरणाऱ्या निळ्या पडद्याविषयीची मते सर्वांत निराधार आहेत. आणि ज्या जुन्या संगणकाच्या प्रोसेसरची गती कोणे एके काळी निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवून ठेवलेली आहे, म्हणजे ज्याचे ओव्हरक्लॉकिंग झालेले आहे, त्याच्या बाबतीत तर याच मतांपायी चांगली यंत्रे भंगारात जातात, नको ते सुटे भाग खरेदी होतात आणि वर्षानुवर्षांची छायाचित्रे व कागदपत्रे हकनाक नष्ट होतात. सबब या मतांची तपासणी करणे अगत्याचे आहे. ती हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक प्रोसेसर समोर ठेवू: इंटेलने जानेवारी २००७ मध्ये बाजारात आणलेला कोअर २ क्वाड क्यू६६००, ज्याची मूळ गती २.४ गिगाहर्ट्झ असून ती सहज ३ गिगाहर्ट्झवर नेता येते अशी त्याची त्या काळी सर्वत्र ख्याती होती.

निळा पडदा हाच रोग आहे, असे बहुतेक लोक धरून चालतात. वस्तुतः १९९३ साली विंडोज एनटी आली तेव्हापासून हा पडदा म्हणजे एक संरक्षक तजवीज आहे. आपल्या अंतर्गत व्यवहारात अशी विसंगती उत्पन्न झाली आहे की काम पुढे रेटल्यास डिस्कवर चुकीचा मजकूर लिहिला जाईल, अशी विंडोजच्या गाभ्याची खात्री झाली म्हणजे तो सर्व व्यवहार जाणूनबुजून थांबवतो, रॅममधील मजकुराची नक्कल डंप फाइलच्या रूपाने डिस्कवर उतरवतो आणि थांबण्याचे कारण संकेतांकाने जाहीर करतो. २०२५ मध्ये विंडोज ११ ने या पडद्याचा रंग निळ्याचा काळा केला. कार्य मात्र तेच राहिले. दुर्दैवाने पडदा आल्यानंतर संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी व्यवस्था मुळातच केलेली असल्यामुळे संकेतांक वाचण्याइतकीही उसंत पुष्कळदा मिळत नाही. म्हणून सिस्टीम प्रॉपर्टीजमधील स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात जाऊन ती व्यवस्था प्रथम बंद करावी.

याहून अधिक घातक समज असा की डंप फाइलचे विश्लेषण करणारा प्रोग्रॅम ज्या फाइलचे नाव सांगेल तीच अपराधी. ब्लूस्क्रीनव्ह्यू उघडावा, त्यात एनटीओएसकेर्नल हे विंडोजच्या गाभ्याचेच नाव दिसावे, आणि विंडोज बिघडली असा निकाल देऊन मोकळे व्हावे, ही रीत म्हणजे ज्याच्या परसात प्रेत सापडले त्यालाच खुनी ठरवण्यासारखी आहे. रॅममधला एक बिट उलटला किंवा प्रोसेसरने एक पत्ता चुकीचा काढला तर त्याचा परिणाम पुढे जो कोणी तो पत्ता वापरील त्याच्या हाती प्रकट होतो, आणि गाभा अहोरात्र राबत असल्याने तो बहुधा त्याच्याच हाती प्रकट होतो. म्हणून एकाच पडद्यावरून निर्णय करू नये. निदान पाच-सहा डंप फाइली शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रत्येक वेळी एकच संकेतांक आणि एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर त्या ड्रायव्हरवर संशय घेण्यास जागा आहे. उलट कधी ५०, कधी १ए, कधी ए असे संकेतांक पालटत असतील आणि नावेही दर खेपेस निराळी असतील, तर दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये नसून धातू आणि सिलिकॉनमध्ये आहे. १२४ हा संकेतांक तर प्रोसेसरने स्वतःच नोंदवलेली हार्डवेअरची तक्रार असते (विंडोज एक्सपीत याच जागी ९सी येत असे), आणि १०१ चा अर्थ असा की अनेक कोअरांपैकी एका कोअरने नेमून दिलेल्या वेळेत प्रतिसाद दिला नाही. गती वाढवलेल्या चार कोअरांच्या प्रोसेसरवर हे दोन संकेतांक दिसले, की मी अन्य कोणावर संशय घेण्यापूर्वी बायोस उघडून पाहीन.

हा आग्रह निराधार नाही. मायक्रोसॉफ्टमधील ज्येष्ठ प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिले होते की वापरकर्त्यांकडून आलेल्या कोसळण्याच्या अहवालांत काही अहवाल बुद्धीला न पटणारे होते. त्यांपैकी एकात तर प्रोसेसर एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याच्या आज्ञेवर कोसळला होता, जी आज्ञा रॅमला स्पर्शही करत नाही आणि जिच्यात चुकण्यासारखे काहीच नाही. चौकशीअंती अशा यंत्रांपैकी पुष्कळांचे ओव्हरक्लॉकिंग झालेले आढळले, आणि काही मालकांना तर याची वार्ताही नव्हती, कारण विक्रेत्यानेच गती वाढवून यंत्र विकले होते. पुढे २०११ मध्ये एडमंड नाइटिंगेल, जॉन डूसर आणि व्हिन्स ऑर्गोव्हन या मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लक्ष घरगुती संगणकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसून आले की ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रोसेसरच्या दोषाने यंत्र कोसळण्याची शक्यता एका निर्मात्याच्या प्रोसेसरांत सुमारे वीसपट आणि दुसऱ्याच्या प्रोसेसरांत चौपटीहून अधिक होते. शिवाय जे यंत्र अशा दोषाने एकदा कोसळले ते पुन्हा कोसळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा कितीतरी वाढते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना मदरबोर्ड प्रोसेसरसकट घेणाऱ्याने म्हणूनच प्रथम बायोसमधील गतीचे आकडे पाहून खातरजमा करावी. पूर्वीच्या मालकाने केलेली मांडणी बायोसमध्ये जशीच्या तशी असू शकते.

यावर ठरलेले उत्तर येते: हे यंत्र याच गतीने इतकी वर्षे बिनतक्रार चालले, मग आजच दोष गतीचा कसा? या युक्तिवादात यंत्र वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते असे गृहीत धरलेले आहे, आणि नेमके तेच खोटे आहे. उष्णता आणि व्होल्टेज यांच्या दीर्घ माऱ्याने ट्रान्झिस्टर हळूहळू मंद होतात, म्हणजे तीच गती राखण्यास त्यांना पूर्वीपेक्षा किंचित अधिक व्होल्टेज लागते. चिपमधील सूक्ष्म तारांतील अणू विद्युतप्रवाहाच्या रेट्याने जागचे हलतात, ज्याचे गणित मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच मांडले होते. मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात किंवा फुगतात आणि व्होल्टेजमधील चढउतार त्यांना पूर्वीप्रमाणे आवरत नाहीत. निर्मात्याने जे राखीव अंतर या झिजेसाठी ठेवलेले असते तेच ओव्हरक्लॉकिंग करणारा पहिल्या दिवशी खर्च करून टाकतो. २००८ साली जी गती सुरक्षित होती ती आज काठावर आली असेल तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मग व्होल्टेज थोडे वाढवावे, असा सल्ला लगोलग मिळतो, आणि त्याने काही काळ पडदे थांबतातही. तथापि प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.४ वरून ३ गिगाहर्ट्झ आणि १.२५ वरून १.४० व्होल्ट, एवढ्या दिसावयास किरकोळ फरकाने उष्णतेत सुमारे ५७ टक्क्यांची भर पडते. ज्या झिजेमुळे हा उपाय करावा लागला ती झीज या उपायाने अधिकच वेगाने होऊ लागते.

आता या पिढीच्या यंत्रांतील एक बारकावा, जो माझ्या मते सर्वांत जास्त दिशाभूल करतो. क्यू६६०० चा गुणक ९ च्या वर नेता येत नाही. गती वाढवायची तर मूळ बसची गती वाढवणे हाच मार्ग, म्हणजे ९ गुणिले २६६ मेगाहर्ट्झऐवजी ९ गुणिले ३३३. पण रॅमची गतीही त्याच बसवरून ठरत असते. ८०० दर्जाच्या डीडीआर-२ रॅमचे गुणोत्तर २६६ च्या बसला अनुसरून लावलेले असेल आणि बस ३३३ वर नेताना ते तसेच राहिले, तर रॅम १००० च्या गतीने धावू लागते. मालक प्रामाणिकपणे सांगतो की आपण रॅमला हातही लावलेला नाही, आणि तरीही ती आपल्या दर्जाच्या पंचवीस टक्के पलीकडे राबत असते. घरगुती रॅममध्ये चूक ओळखणारी ईसीसी व्यवस्था नसल्याने तिची चूक १२४ सारख्या स्पष्ट तक्रारीने नव्हे, तर पालटत्या संकेतांकांनी बाहेर येते, किंवा येतच नाही आणि एखाद्या फाइलीत निमूटपणे लिहिली जाते.

रात्रभर प्राइम९५ चालवला, एकही चूक निघाली नाही, तेव्हा यंत्र निर्दोष, हा निष्कर्षही टिकण्यासारखा नाही. मर्सेन मूळ संख्यांच्या शोधासाठी तयार झालेला हा प्रोग्रॅम आपल्या गणिताची पडताळणी स्वतःच करत असल्याने उत्तम कसोटी आहे, यात शंका नाही. परंतु ती अखंड पूर्ण भाराची कसोटी आहे. काम नसताना प्रोसेसर आपला गुणक ९ वरून ६ वर आणतो, काम येताच पुन्हा वर जातो, आणि व्होल्टेज ज्या क्षणी हेलकावे खाते तो हा चढउताराचा क्षण होय. रात्रभराच्या कसोटीत उत्तीर्ण झालेले यंत्र सकाळी नुसते वर्तमानपत्र वाचत असता कोसळते ते यामुळे. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ मध्ये चूक निघाली तर तो पुरावा पक्का. न निघाल्यास मात्र निर्दोषत्वाचा दाखला मिळाला असे समजू नये.

पडद्यावरचा उपाय म्हणून फॉरमॅट मारण्याविषयी मला कळकळीने सांगावयाचे आहे की अस्थिर रॅम असलेल्या यंत्रावर विंडोज नव्याने घालणे म्हणजे विंडोजची प्रत्येक फाइल त्याच सदोष रॅममधून डिस्कवर उतरवणे होय. तसे करण्याआधी आपल्या फाइलींची प्रत दुसऱ्या यंत्रावर काढून ती उघडून पाहावी. अतिउष्णतेने निळा पडदा येतो हे अर्धसत्य आहे: मर्यादा ओलांडली की प्रोसेसर आधी मंदावतो आणि अखेरीस पडदा न दाखवताच बंद पडतो; मात्र काठावरच्या गतीला उन्हाळ्यातील काही अंशही पुरेसे होतात. इव्हेंट व्ह्यूअरमधील कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून एसएमपीएस बदलू नये. मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, याहून अधिक काही ती सांगत नाही.

राहता राहिली तपासणीची रीत. बायोसमधील लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स या आज्ञेने बस, व्होल्टेज आणि रॅम सर्व मूळपदावर आणावे आणि थांबावे. किती, तर सरासरी आठवड्यातून एकदा पडदा येत असेल तर तीन आठवडे, कारण दोष कायम असता तितका काळ केवळ योगायोगाने निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे पाच टक्केच उरते. मूळ गतीवरही पडदे येत राहिले, तर रॅमची एकेक पट्टी काढून, डिस्कच्या स्मार्ट नोंदी पाहून, मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर शोधून आणि शेवटी ड्रायव्हर तपासून पुढे जावे. पडदे थांबले आणि तरीही गती हवीच असेल, तर बस ३३३ वर नेताना रॅमचे गुणोत्तर एकास एक करावे, म्हणजे ती ६६७ वर, आपल्या दर्जाच्या खाली राहील आणि परीक्षा बस व प्रोसेसर यांचीच होईल. तेथे १२४ किंवा १०१ उगवला तर व्होल्टेजला हात न लावता बस ३०० वर, म्हणजे प्रोसेसर २.७ गिगाहर्ट्झवर आणावा, आणि पुन्हा तितकेच आठवडे थांबावे.