क्रियापद कुणाचं ऐकतं?

याच वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. कॅम्पसच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचा निकाल बोर्डावर लागला आणि माझा रूम पार्टनर मेहरूणच्या आमच्या खोलीत बूट न काढता तसाच कॉटवर येऊन बसला. कट-ऑफला एक मार्क कमी! गणितं सगळी बरोबर, दगा दिला इंग्रजीने. दहावीपर्यंत मराठी माध्यम. त्यामुळे "आपलं इंग्लिशच कच्चं आहे भो" असं म्हणून तो मोकळा झाला. मला काही ते पटलं नाही. त्याला आठवत होता तो प्रश्न मी कागदावर उतरवून घेतला. 'अंडर द लेथ मशीन्स... अ स्मॉल ऑइल टँक.' गाळलेल्या जागी 'वॉज' की 'वेअर'?

त्याने 'वेअर' टिक केलं होतं. का? तर म्हणे, मशीन्स अनेकवचनी आहे आणि वाक्यात पहिलं तेच आहे.

(मित्रांनो, इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत आहेत, ती मोठ्याने वाचा. स्पेलिंगची भीती गेली की कान नीट काम करतो.)

संध्याकाळी आम्ही तलावावर गेलो. बरोबर बोरांची पुडी होतीच, मेहरूणला राहायचं आणि जानेवारीत बोरं खायची नाहीत असं कसं चालेल? मी त्याला म्हटलं, समोर काय दिसतंय ते एका वाक्यात सांग. तो म्हणाला, "पाण्यात दोन बगळे उभे आहेत." मग मी विचारलं, "उभं आहे असं का नाही म्हणालास? वाक्यात पहिलं तर पाणी आलंय, आणि पाणी एकवचनी." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ऊन लागलं असावं. "अरे, पाणी थोडंच उभं आहे!"

झालं, सगळं व्याकरण इथेच आहे. मराठीत 'पाणी'चं 'पाण्यात' झालं, त्याला प्रत्यय चिकटला, की ते कर्ता होण्याच्या स्पर्धेतून बाद. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण शब्दाचं रूपच बदलतं. इंग्रजीत तो प्रत्यय शब्दाच्या मागे न लागता पुढे येऊन उभा राहतो. 'अंडर', 'ऑन', 'इन', 'बिहाइंड', 'ऑफ' हे सगळे त्यातलेच. आणि मूळ शब्द जसाच्या तसा राहतो, म्हणून आपण फसतो. 'अंडर द लेथ मशीन्स' म्हणजे 'मशीन्सच्या खाली'. मशीन्स तिथेच अडकली. मग खाली होतं काय? टाकी. एकच टाकी, म्हणून 'वॉज'. पार्टनरने कपाळावर हात मारला.

आमच्या शाळेत फळ्यावर लिहिलेलं असायचं की इंग्रजी वाक्यात आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. हे खोटं नाही, पण त्यामुळे पहिलं नाम दिसलं की आपण त्यालाच कर्ता म्हणून हार घालतो. त्यापेक्षा क्रियापदालाच विचारावं, कोण किंवा काय?

अर्थात मराठीचा हा आधार डोळे मिटून घ्यायचा नाही. 'मी बोरं खाल्ली' या वाक्यात खाणारा मी, पण 'खाल्ली' हे रूप बोरांप्रमाणे. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघालं, त्यात कर्तरी, कर्मणी, भावे या प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे, ती उगाच नाही. इंग्रजी क्रियापद मात्र असं कर्माचं ऐकायला जात नाही, ते कर्त्याचंच ऐकतं. त्या बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, हे कुणी सांगतच नाही!

आता 'देअर'. 'देअर आर टू व्हॉल्व्ह्ज इन द लाइन' यात 'देअर' हा कर्ता नाही. तो एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल आहे. जागा धरली, प्रवासी मागून येतोय. प्रवासी दोन, म्हणून 'आर'.

दुसरी जात जास्त अवघड आहे. 'नेव्हर', 'सेल्डम', 'हार्डली', 'नॉट ओन्ली' असे नकाराकडे झुकणारे शब्द वाक्याच्या तोंडाशी आले, की सहायक क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे येतं. 'सेल्डम डज द प्रेशर इन द पाइप्स ड्रॉप.' इथे कर्ता 'डज' आणि 'ड्रॉप' यांच्या मधल्या बेचक्यात बसलाय, प्रेशर. पाइप्स 'इन'ने बाद केले. प्रश्नार्थक वाक्यातही बहुधा हेच बेचकं. आणि 'हॅड द बॉइज चेक्ड द फ्यूज' हा प्रश्न वाटला तरी पुढे स्वल्पविराम आला तर तो 'तपासला असता तर' आहे, 'इफ' गाळलेला.

म्हणजे जागा सांगणारं वाक्य उलटलं, तर कर्ता पूर्ण क्रियापद संपल्यावर येतो. 'ऑन द शेल्फ हॅव बीन केप्ट थ्री गेजेस' यात तो पार शेवटी आहे. सहायक उलटलं, तर कर्ता मध्ये सापडतो. शंका आली तर वाक्य सरळ करून म्हणायचं, 'थ्री गेजेस हॅव बीन केप्ट ऑन द शेल्फ'. गंमत म्हणजे सर्वनाम असलं तर असं उलटत नाही. 'हिअर कम्स द भुसावळ बस', पण 'हिअर इट कम्स'.

इंग्रज लोकांना हा उलटा उद्योग सुचला कुठून? जुन्या इंग्रजीत क्रियापद बऱ्याचदा दुसऱ्या जागी यायचं, आधी कुणीही असो. जर्मनमध्ये साध्या विधानात अजूनही तसंच आहे, क्लास लावलेल्यांना विचारा. इंग्रजीत त्यातले थोडे अवशेष राहिले आणि ते नेमके अ‍ॅप्टिट्यूडच्या पेपरात राहिले.

उठता उठता मी पार्टनरला शेवटचं वाक्य घातलं. 'अमंग द रीझन्स फॉर द डिले... द फेल्युअर ऑफ टू पंप्स.' रीझन्स अनेक, पंप दोन, दोन्हीकडून सापळा. त्याने बोराची बी थुंकली आणि म्हणाला, "वॉज. बिघाड एकच."

फेब्रुवारीत त्याने दुसऱ्या कंपनीला मेल केला. 'अटॅच्ड इज माय मार्कशीट अँड टू सर्टिफिकेट्स' असं टाइप केलं, थांबला, ओठातल्या ओठात वाक्य सरळ करून म्हणाला, आणि 'इज' खोडून 'आर' केलं. मग मला म्हणाला, "सर्टिफिकेट स्कॅन करायचं एक राहिलंय भो, तुझा फोन दे."