बाळंतपणानंतर पाय बधिर राहिला तर

कमरेत दिलेली भूल साधारण २ ते ४ तासांत उतरू लागते. त्यानंतरही मांडी बधिर राहिली किंवा पाऊल उचलता येईना, की घरात सगळे त्या इंजेक्शनलाच दोष देतात. बहुतेक वेळा कारण बाळंतपण हेच असतं. बाळाचं डोकं खाली सरकताना कमरेच्या हाडालगतच्या नसा दाबतं. बराच वेळ मांड्या पोटाशी दुमडून जोर लावला, तर जांघेतली नस चेपते. शिकागोत सुमारे ६००० बाळंतिणी तपासल्या, तेव्हा शंभरात जवळपास एकीला असा त्रास होता, पहिलटकरणींना जास्त. हा अभ्यास २००३ चा. त्यांतल्या निम्म्या जणी साधारण दोन महिन्यांत बऱ्या झाल्या. इंजेक्शनमुळे कायमची इजा फार विरळ: ब्रिटनमधल्या २००९ च्या पाहणीत ८०,००० मध्ये एक किंवा त्याहूनही कमी.

पण हे विरळ कारण ओळखायला उशीर चालत नाही. शेवटच्या डोसनंतर ४ तासांनी गुडघा सरळ ठेवून पाय खाटेवरून उचलता येत नसेल, तर नर्सला सांगा आणि भूलतज्ज्ञांना बोलवायला लावा. ‘उतरेल हळूहळू’ एवढ्यावर थांबू नका. मणक्यात रक्त साचलं असेल, तर ८ ते १२ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास पाय सुधारण्याची शक्यता जास्त असते.

पू झाला तर तो काही दिवसांनी, तुम्ही घरी गेल्यावर त्रास देतो. ताप, पाठीत वाढतं दुखणं, पायातली ताकद कमी होत जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. तातडीने एमआरआय लागतो. वरंधहून मोठं रुग्णालय लांब, आणि पावसाळ्यात घाट बऱ्याचदा बंद. म्हणून सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या, भूल कोणती दिली ते त्यावर असतं.

त्रास साधा असला तरी काळजी हवी. गुडघा लचकत असेल किंवा चप्पल पायातून निसटत असेल, तर बाळाला घेऊन पायऱ्या किंवा उतार उतरू नका. फिजिओथेरपिस्ट पावलाला आधार देणारा पट्टा देतील. आणि शेक-शेगडी! बधिर कातडीला चटका कळत नाही. त्या पायाला निखाऱ्याचा शेक नको, गरम पाण्याची पिशवीही नको. आजेसासूबाईंना हे नीट समजावून सांगा.