पिल्लांचा प्रश्न : रस्ता आणि उंबरठा

कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण हा शाळेच्या सभागृहात मांडण्याचा विषय आहे काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत आणि वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टीपासून पाठास प्रारंभ करीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. आपल्या खिडकीतून दिसणारी एक गोष्ट मीही घेतली आहे. दिवाळी सरली की नाताळापर्यंतच्या आठवड्यांत गोव्यातील बाजारांच्या कडेला, मासळीच्या ओट्यांमागे, देवळांच्या अग्रशाळांजवळ पुठ्ठ्याच्या खोक्यांत कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. ती तेथे आपल्या पायांनी आलेली नसतात.

ती याच दिवसांत का दिसतात, याचे उत्तर आपल्या भाषेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध मराठी माणसाला सांगावा लागत नाही. त्यावरून केलेले वाक्प्रचार सभ्य सभेत उच्चारता येत नाहीत, एवढेच. आपल्याकडील रस्त्यावरच्या बहुसंख्य माद्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात. जयपूर येथे पशुवैद्यकांनी अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींतूनही हाच ऋतुक्रम आढळला. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्यामुळे प्रसूती कार्तिक-मार्गशीर्षात होते. घरात पोटभर खाणारी मादी मात्र ऋतूची फारशी वाट पाहत नाही. ती पुष्कळदा वर्षातून दोनदा माजावर येते आणि एका वेळी चार-सहा, क्वचित त्याहून अधिक पिल्ले देते.

येथे एका लोकप्रिय आकड्याचा समाचार घेतला पाहिजे. एका जोडीपासून सहा वर्षांत सदुसष्ट हजार कुत्री निर्माण होतात, असे प्रचारपत्रकांतून छापले जाते. हे गणित कागदावरच खरे आहे, कारण त्यात एकही पिल्लू मरत नाही. प्रत्यक्षात काय घडते? पश्चिम बंगालमधील संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली ती सुमारे १९ टक्के. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पिल्लांच्या मृत्यूस माणूसच या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. वाहनाखाली चिरडून, विषाने, मारहाणीने किंवा उचलून नेल्यामुळे ती गेली.

म्हणजे रस्त्यावरील कुत्र्यांच्या संख्येवर नियंत्रण नाही, असे म्हणणे बरोबर नव्हे. नियंत्रण आहे आणि ते मृत्यू करीत आहे. जन्मास येणाऱ्या पाचांपैकी चार जीव पहिल्या काही महिन्यांत संपवून निसर्ग आणि आपण मिळून ताळेबंद जुळवतो. तोच ताळेबंद जन्मापूर्वी जुळवणे म्हणजे निर्बीजीकरण. या शस्त्रक्रियेला क्रूर म्हणणाऱ्या सज्जनांनी तुलना कशाशी करावयाची, हे आधी ठरवावे.

डिचोली तालुक्यातील एका घराचे उदाहरण सांगतो. घर सुशिक्षित, माणसे दयाळू. त्यांच्या कुत्रीला मी दरवर्षी रेबीजची लस टोचत असे. पाच विणींत तिला सव्वीस पिल्ले झाली, हा हिशेब घरच्या आजींनी बोटांवर करून सांगितला. पिल्ले गेली कोठे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘‘डॉक्टर, बोके नि कुत्रे कोणीही नेतात. बायांना कोण घेतो?’’ नर पिल्ले शेजारीपाजारी गेली. माद्या डोळे उघडून खाऊ लागल्यावर पोत्यात घालून बाजाराकडे पोहोचत्या झाल्या. तेथे मासळीचे तुकडे मिळतात, उपाशी मरणार नाहीत, ही त्यामागची भावना. आजींच्या त्या एका वाक्यात प्रश्नाचे मूळ आहे. आपण घरात नर निवडून ठेवतो आणि रस्त्याला माद्या पुरवतो. त्याही सहा-सात आठवडे घरच्या भातावर पोसलेल्या, म्हणजे रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपेक्षा जगण्याची शक्यता अधिक असलेल्या. नगरपालिका रस्त्यावरील माद्यांचे ऑपरेशन करीत राहते आणि घरांमधून नव्या माद्या येत राहतात. गळक्या घागरीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ही तिच्या उलट, बुडाशी झरा असलेल्या विहिरीची गोष्ट आहे.

कुत्र्यांना ठार मारून संख्या घटवण्याचा मार्ग जुना आहे. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्र्यांना मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाजाने बंद पुकारला आणि कोट भागात दंगल उसळली. मद्रासमध्ये महापालिका अनेक दशके कुत्री पकडून मारीत होती. तेथील ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ पासून निर्बीजीकरणाचा पर्याय पुढे ठेवला. महापालिकेने तो स्वीकारला १९९६ मध्ये. बत्तीस वर्षे लागली, कारण मारणे डोळ्यांना दिसते आणि न जन्मणे दिसत नाही. मारण्याने संख्या टिकून का राहते, याचे कारण साधे आहे. वस्तीतील उकिरडा, खाटीकखाना, मासळीबाजार यांवर ठरावीक कुत्री जगू शकतात. त्यांतील काही काढली की उरलेल्यांच्या पिल्लांना अन्न अधिक मिळते, शेजारच्या वस्तीतील कुत्री आत येतात, आणि ही नवी कुत्री लस न टोचलेली असतात. निर्बीज केलेले, लस टोचलेले, कानाला खूण केलेले कुत्रे त्याच जागी परत सोडण्यामागे भूतदयेइतकाच हा हिशेब आहे.

जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात सुमारे पंचवीस हजार कुत्र्यांवर ही योजना राबवण्यात आली. सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण झाले. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि योजनेच्या क्षेत्रात माणसांतील रेबीज शून्यावर आला. आठ वर्षांत २८ टक्के, ही गती उतावळ्या माणसाला निराश करील. पण दहा-वीस टक्के माद्यांचे ऑपरेशन करून छायाचित्रे काढून थांबणाऱ्या गावांत तेवढीही घट होत नाही, कारण उरलेल्या माद्यांची पिल्ले ती तूट एका हंगामात भरून काढतात.

माद्यांवर मी एवढा भर का देतो? दहा नरांपैकी नऊ खच्ची केले तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो. दहा माद्यांपैकी नऊ निर्बीज केल्या तर पिल्ले एकाच मादीची होतात. नराचे ऑपरेशन निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. ते सोपे असते, आणि माजावरील मादीच्या शोधात नराचे भटकणे त्यामुळे पुष्कळ कमी होते. परंतु पैसा आणि टेबल एकच असेल तर आधी मादी. जाता जाता, शेतकरी पिढ्यान् पिढ्या गोऱ्हे खच्ची करून औताला जुंपत आला, तेव्हा निसर्गाविरुद्ध जाण्याचे पाप त्याला कोणी सांगितले नाही. ही हरकत कुत्रीच्या वेळीच आठवते.

दुसरी हरकत अधिक प्रेमळ असते : ‘‘एकदा तरी तिला आई होऊ द्या.’’ मातृत्वाची अपुरी इच्छा ही कल्पना आपली आहे. प्रसूती न झाल्याने कुत्रीचे आरोग्य बिघडते, यास शास्त्रीय आधार नाही. उलट निर्बीज न केलेल्या प्रौढ माद्यांच्या गर्भाशयात पू साठण्याचा रोग होतो आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर तो जीव घेतो. गर्भाशय आणि बीजांडकोश काढल्यावर तो धोका राहत नाही. स्तनांच्या गाठींविषयी मात्र मी सावधपणे बोलेन. पहिल्या माजापूर्वी ऑपरेशन झाल्यास त्या गाठी अत्यंत विरळ होतात, असे अमेरिकेतील १९६९ चे एक संशोधन सांगते आणि आम्ही सर्व तेच शिकलो. पुढे २०१२ मध्ये झालेल्या फेरतपासणीत तो पुरावा वाटला तेवढा भक्कम नाही, असे दिसले. तसेच गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे २०१३ नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा विलायती जातीच्या कुत्र्याचे वय आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गावठी कुत्रीच्या बाबतीत सहा महिन्यांनंतर आणि पहिल्या माजाआधी, हे उत्तर पुरेसे आहे. ऑपरेशननंतर जनावर सुटते, हे खरे. त्यावर उपाय भाताची एक मूठ कमी करणे हा आहे.

गोव्यात आपण या क्षेत्रात एक मोठे काम होताना पाहिले. २०१३ ते २०१९ या काळात येथे कुत्र्यांना रेबीज प्रतिबंधक लशीच्या पाच लाखांहून अधिक मात्रा टोचण्यात आल्या, शाळाशाळांतून मुलांना कुत्रा चावल्यास काय करावे हे शिकवण्यात आले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले. पण लस आणि निर्बीजीकरण यांची गल्लत करू नये. लस रोग थांबवते, जन्म थांबवत नाही. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस हे प्रमाण टिकवायचे तर दरवर्षी नव्याने जन्मणाऱ्या, लस न घेतलेल्या पिल्लांची भर कमी व्हावी लागते. म्हणून दोन्ही कामे जोडीने चालावी लागतात.

कायद्याने घरमालकाला वगळलेले नव्हते. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्यांचे नियंत्रित प्रजनन, लसीकरण, निर्बीजीकरण व परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्या नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्बीज व लसवंत कुत्री, रेबीजग्रस्त आणि आक्रमक वगळता, त्याच भागात परत सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांची आवारे मात्र अपवाद ठरवली. वर्तमानपत्रांतील सारा वाद रस्त्यावरील कुत्र्याला कोठे ठेवावे, यावर झाला. ते कोणाच्या ओसरीवरून तेथे आले, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

मांजरीविषयी थोडक्यात. ती चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा माजावर येते. ‘‘अजून लहान आहे’’ म्हणणाऱ्या घरात पहिली वीण बहुधा माळ्यावर सापडते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. भाद्रपदाआधी, शक्यतो वैशाख-ज्येष्ठात, मादीला दवाखान्यात दाखवावे. आदल्या रात्रीनंतर अन्न देऊ नये. पाण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते. घरी आणल्यावर तिला दहा दिवस बलकांवात किंवा खोलीत, कोरड्या जागी ठेवावे. अंघोळ घालू नये, उड्या मारू देऊ नयेत, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर घालावी. जखम सुजली, तिच्यातून पाणी वा रक्त आले, किंवा दुसऱ्या दिवशीही ती खाईना, तर वाट न पाहता परत आणावे. नराचे ऑपरेशन झाले असल्यास त्यास आणखी काही आठवडे माजावरील मादीपासून दूर ठेवावे, कारण तेवढा काळ त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते. आणि घरात पिल्ले आधीच झाली असतील तर माद्या आधी द्याव्यात, घेणाऱ्याकडून ऑपरेशनचा शब्द घेऊन. तसा घेणारा मिळेपर्यंत त्या घरातच राहू द्याव्यात. बाजाराची वाट त्यांना दाखवू नये.