एक्सएमएल ते ऑन्टॉलॉजी: नेमस्पेसविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच एक्सएमएल फाइलमध्ये पुस्तकाचे ‘टायटल’ आणि लेखकाच्या नावाआधी लागणारे ‘टायटल’ शेजारीशेजारी येऊ शकतात. नाव सारखे, अर्थ वेगळे. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १४ जानेवारी १९९९ रोजी नेमस्पेसची शिफारस प्रसिद्ध केली. एक्सएमएलची मूळ शिफारस त्याच्या ११ महिने आधीची, १० फेब्रुवारी १९९८ ची. एक्सएमएलपुरता हा विषय तिथे मिटला. हाच डेटा प्रोटेजेसारख्या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये आणायचा म्हटले की तो पुन्हा उघडतो, कारण दोन्हीकडे शब्द एकच असला तरी त्यामागची यंत्रणा वेगळी आहे.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज नेमका हाच, की दोन्हीकडची नेमस्पेस एकच. एक्सएमएलच्या लेखी नाव ही जोडी असते. नेमस्पेस हे तिचे एक अंग, स्थानिक नाव दुसरे, आणि पार्सर ती शेवटपर्यंत वेगळी ठेवतो. ऑन्टॉलॉजीचा पाया असलेल्या आरडीएफमध्ये जोडी नसते. तिथे प्रत्येक वर्गाला, गुणधर्माला आणि वस्तूला एक सलग आयआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखी दिसणारी ओळख, असते. त्यामुळे रूपांतर करताना नेमस्पेस आणि स्थानिक नाव मध्ये काहीही न घालता एकापुढे एक जोडले जातात. बहुतेक सगळ्या अडचणी या जोडापाशी सुरू होतात.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ‘मॉड्स’ हे ग्रंथनोंदींचे एक्सएमएल स्वरूप घ्या. त्याची नेमस्पेस लायब्ररीच्या संकेतस्थळाच्या पत्त्याने सुरू होते आणि ‘/मॉड्स/व्ही३’ इथे संपते. शेवटी तिरकी रेघ नाही, ‘#’ही नाही. एक्सएमएलचे त्याने काही अडत नाही. पण ‘टायटलइन्फो’ हे एलिमेंट सरळ जोडले की आयआरआयची शेपटी ‘/मॉड्स/व्ही३टायटलइन्फो’ अशी होते आणि ‘नेम’चे ‘व्ही३नेम’ होते. एडिटर तक्रार करत नाही, कारण आयआरआय म्हणून ही अक्षरमाळ वैध आहे. उलट दिशेने नाव तोडायची वेळ आली, की साधने शेवटची तिरकी रेघ किंवा ‘#’ शोधतात आणि आवृत्तीचा ‘व्ही३’ नावालाच चिकटून राहतो. वर्गांच्या यादीत मग सगळी नावे ‘व्ही३’ने सुरू होणारी दिसतात. मॉड्सची आरडीएफ ऑन्टॉलॉजी तयार करताना लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला वेगळी नेमस्पेस दिली, आणि हाच योग्य मार्ग आहे.

‘मग प्रत्येक नेमस्पेसच्या शेवटी ‘#’ लावला की झाले’, हा याच गैरसमजाचा दुसरा अवतार. डब्लिन कोअरच्या १५ मूळ घटकांची नेमस्पेस तिरक्या रेघेने संपते. तिथे जोड आपोआप नीट बसतो आणि ‘#’ घातला तर मात्र मोडतो. एक्सएमएल स्कीमाचे उदाहरण तर प्रत्येकाने एकदा डोळ्यांखालून घालावे. स्कीमाची स्वतःची नेमस्पेस ‘२००१/एक्सएमएलस्कीमा’ इथे संपते, ‘#’ शिवाय. आरडीएफ आणि आउल या ऑन्टॉलॉजीच्या भाषेत तारीख, पूर्णांक, मजकूर या प्रकारांचे आयआरआय मात्र ‘२००१/एक्सएमएलस्कीमा#’ ने सुरू होतात. दोन्ही रूपे अधिकृत आहेत, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या. स्कीमा फाइलमध्ये ‘#’ घातला तर स्कीमा वाचणारे साधन तिला स्कीमा मानत नाही. ऑन्टॉलॉजीत तो गाळला तर रीझनरला, म्हणजे निष्कर्ष काढणाऱ्या साधनाला, पूर्णांकाचा प्रकार अनोळखी ठरतो. एका चिन्हाची ही चूक शोधायला अख्खा दिवस जाऊ शकतो, कारण पडद्यावर बहुतेक वेळा फक्त प्रीफिक्स आणि नाव दिसते.

त्या प्रीफिक्सलाच अर्थ असतो, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रीफिक्स ही त्या फाइलपुरती सोय आहे. एका फाइलमध्ये ‘डीसी’ आणि दुसरीत ‘डब्लिन’ लिहिले, पण दोन्हींमागची नेमस्पेस एक असली तर एलिमेंट एकच. उलट दोन संस्थांनी ‘कॅट’ हाच प्रीफिक्स वेगवेगळ्या नेमस्पेससाठी वापरला असेल, तर नावे दिसायला सारखी आणि वस्तुतः परकी. प्रोटेजेमध्ये प्रीफिक्सचा तक्ता बदलल्याने एकही आयआरआय बदलत नाही. फक्त तो आखूड कसा लिहायचा ते बदलते.

प्रीफिक्स कुठे उलगडतो, याबाबतचा गोंधळ अधिक घातक आहे. आरडीएफ-एक्सएमएल फाइलमध्ये एलिमेंटच्या आणि ॲट्रिब्यूटच्या नावातला प्रीफिक्स उलगडतो. अवतरणचिन्हांतल्या किमतीतला उलगडत नाही. ‘आरडीएफ:रिसोर्स’ या ॲट्रिब्यूटची किंमत म्हणून ‘फोफ:पर्सन’ लिहिले, तर वाचणाऱ्या साधनाला तो फोफ शब्दसंग्रहातला ‘पर्सन’ वर्ग दिसत नाही. कोलनच्या आधीचा भाग ते ‘एचटीटीपी’सारखी योजना समजते आणि ‘फोफ:पर्सन’ हाच पूर्ण आयआरआय धरते. फाइल विनातक्रार उघडते, दुवा मात्र कुठेच पोहोचत नाही. अशा जागी पूर्ण आयआरआय लिहावा लागतो किंवा फाइलच्या आरंभी एंटिटी जाहीर करून ती वापरावी लागते. जुन्या आउल फाइलींच्या माथ्यावर एंटिटींची लांबलचक यादी दिसते, ती याचसाठी. टर्टल स्वरूपात ही अडचण नाही.

डीफॉल्ट नेमस्पेस फाइलमधल्या सगळ्याला लागू होते, हेही खरे नाही. ती प्रीफिक्स नसलेल्या एलिमेंटना लागू होते, ॲट्रिब्यूटना नाही. प्रीफिक्स नसलेले ॲट्रिब्यूट कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसते. त्याचा अर्थ ते ज्या एलिमेंटवर बसले आहे त्यावरून ठरतो. मॉड्समध्ये ‘नेम’वरचे ‘टाइप’ हे ॲट्रिब्यूट व्यक्ती की संस्था ते सांगते, तर ‘टायटलइन्फो’वरचे ‘टाइप’ शीर्षक संक्षिप्त आहे की अनुवादित ते. रूपांतर करताना दोन्हींसाठी ‘टाइप’ असा एकच गुणधर्म केला, तर माणसांचे प्रकार आणि शीर्षकांचे प्रकार एका रांगेत येतात. इथे दोन वेगळे गुणधर्म करावे लागतात आणि तो निर्णय यंत्रावर सोडता येत नाही. स्कीमातही असाच सापळा आहे. ‘एलिमेंटफॉर्मडीफॉल्ट’ ठरवून दिले नसेल तर आतली स्थानिक एलिमेंटे नेमस्पेसबाहेर राहतात, मग मुळाशी नेमस्पेस कितीही ठळक लिहिलेली असो.

नेमस्पेस वेबपत्त्यासारखी दिसते, म्हणून एडिटर तिथे जाऊन काहीतरी उतरवून घेतो अशी समजूत पसरली आहे. नेमस्पेस ही ओळख आहे, आणि दोन नेमस्पेस एकच आहेत का हे अक्षरागणिक तुलना करून ठरते. ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारे दोन पत्ते ब्राउझरला एकाच पानावर नेत असतील, पण नेमस्पेस म्हणून ते वेगळे. लहान-मोठी लिपी वेगळी असली तरी तेच. प्रीफिक्स जाहीर केल्याने तो शब्दसंग्रहही आत येत नाही. फोफमधली वर्गरचना हवी असेल तर ‘आउल:इम्पोर्ट्स’ हे स्वतंत्र विधान लागते. नुसत्या प्रीफिक्सवर फोफची नावे वापरता येतात, पण त्या नावांमागचे नियम रीझनरला ठाऊक नसतात.

डीफॉल्ट नेमस्पेस आणि ‘एक्सएमएल:बेस’ यांची अदलाबदल नवख्यांकडून हमखास होते. ‘आरडीएफ:अबाउट’मध्ये अपूर्ण आयआरआय असेल, तर तो नेमस्पेसच्या नव्हे, बेसच्या आधारे पूर्ण होतो. बेस दिलेलाच नसेल तर साधन फाइलच्या ठिकाणालाच बेस मानते. मग ज्याने रूपांतर केले त्याच्या संगणकावरचा फोल्डर आयआरआयमध्ये येऊन बसतो आणि ‘फाइल:’ने सुरू होणारी नावे ऑन्टॉलॉजीत पसरतात. दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडली की सगळी नावे बदलतात.

साधी एक्सएमएल फाइल एडिटरमध्ये थेट उघडेल, ही अपेक्षाही बहुतेकदा फसते. प्रोटेजे आरडीएफ-एक्सएमएल, आउल-एक्सएमएल, टर्टल अशी स्वरूपे वाचते. मॉड्सची नोंद यांपैकी काहीच नाही. आधी एक्सएसएलटीने किंवा मॅपिंगच्या भाषेने तिचे रूपांतर करावे लागते, आणि कोणत्या एलिमेंटला कोणता आयआरआय मिळणार ते त्या रूपांतरातच ठरते.

मराठी डेटासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. देवनागरी नावे चालतच नाहीत, हा गैरसमज आहे. एक्सएमएलमध्ये एलिमेंटचे नाव देवनागरीत असू शकते आणि आयआरआयमध्येही देवनागरी अक्षरे चालतात. अडचण येते ती तुलनेत. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे उमटवता येतो. एकात ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण अक्षरमाळा म्हणून ते भिन्न आहेत, आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही हा फरक पुसला जात नाही. दोन टंकलेखकांनी भरलेल्या याद्या एकत्र केल्या की एकाच वर्गाच्या जागी दोन वर्ग तयार होतात. आयआरआय रोमन संकेतांचा ठेवून मराठी नाव भाषेचा निर्देश केलेल्या लेबलमध्ये द्यावे. लेबल नंतर सुधारता येते.

आयआरआयची गोष्ट तशी नाही. प्रोटेजेच्या रिफॅक्टर मेनूमधून अनेक घटकांची नावे एकगठ्ठा बदलता येतात, हे खरे. पण तो बदल एडिटरमध्ये उघडलेल्या ऑन्टॉलॉजींपुरताच असतो. त्या आयआरआयचा आधार घेऊन इतरांनी भरलेला डेटा, लिहिलेल्या स्पार्कल क्वेरी आणि केलेले दुवे जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहतात. म्हणून पहिली नोंद आयात करण्याआधीच नेमस्पेस पूर्ण लिहून, तिच्या शेवटच्या चिन्हासकट, रूपांतराच्या फाइलमध्ये पक्की करावी.